उजेड धरणाऱ्या जाऊबाई

माणूस समोर आला की आपण आधी नाव विचारतो, मग गाव विचारतो, ओळख निघाली तर चहाचंही विचारतो. आमच्या जाऊबाई आधी हनुवटी धरायच्या. दोन बोटांनी चेहरा खिडकीकडे वळवायच्या, डोळे बारीक करायच्या आणि निकाल द्यायच्या, "डावीकडून बरी आहे." गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसालाही त्यांनी यातून सोडलं नाही. मी नवी नवरी होऊन उंबरठ्यावर उभी राहिले तेव्हा ओवाळणीचं ताट सासूबाईंच्या हातात होतं आणि माझी हनुवटी जाऊबाईंच्या. "नाक ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण उजेड डोक्यावरून पडला तं डोये खोल जातीन हिचे." लग्नाच्या दिवशी असं कुणी बोलतं का? मला तेव्हाच त्यांचा राग आला, आणि तो मी पुढे कधी वाया जाऊ दिला नाही.

आता त्या नागपुरात नाहीत. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, रिटायर झाले आणि दोघं पुण्याला लेकाकडे राहायला गेली. मानेवाड्याकडच्या आमच्या दुमजली घराचा खालचा मजला भाड्याने दिलाय. शेजारणी विचारतात, करमत नसेल ना जाऊबाईंशिवाय? मी हो म्हणते. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला फार छान करमलं.

तेव्हा खाली त्या राहायच्या, वर आम्ही. खालच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर. सासूबाई सकाळी खाली आणि दुपारनंतर वर असायच्या, त्यामुळे दोन्ही मजल्यांच्या बातम्या ताज्या राहायच्या. मी धरमपेठेतली, आमच्या घरी 'मला' आणि 'तुला' म्हणत. जाऊबाईंकडे 'मले' आणि 'तुले'. त्या मला 'छोटी' म्हणायच्या, मी त्यांना 'ताई' आणि अहो-जाहो. हे अहो-जाहो फार सोयीचं असतं. मनात काहीही चाललेलं असलं तरी तोंडातून मानच निघतो.

जाऊबाईंचं एक शास्त्र होतं. त्यांच्या मते प्रत्येक चेहऱ्याला एक सासरची बाजू असते आणि एक माहेरची. सासरची बाजू सावध असते, ओठ जरा आवळलेले, भुवई वर. माहेरची बाजू सैल. "जेवतानी पाहावं माणसाले," त्या सांगायच्या. "ज्या बाजूनं घास चावते, थे माहेर." म्हणून लग्नाच्या पंगतीत त्या स्वतः धड जेवायच्या नाहीत, समोरच्या रांगेतल्या बायकांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. बायकांना वाटायचं, या आपले दागिने मोजताहेत. भासऱ्यांनी एकदा विचारलं, "गडीमाणसाले कुठचं आलं वं माहेर?" तर म्हणाल्या, "तुमची उजवी बाजू. तिकडं तुम्ही अजून चौथीत आहा." भासरे दिवसभर आरशात बघत होते.

ओळखपत्राचे फोटो काढतात तिथे त्या गेल्या होत्या, तो किस्सा तर आमच्याकडे सणावाराला निघतो. तिथला माणूस म्हणाला, सरळ बसा, कॅमेऱ्याकडे बघा. जाऊबाई म्हणाल्या, "डोक्यावर ट्यूबलाइट आहे, नाकाखाली मिशी दिसन मले." मागे रांग लागलेली. यांनी पर्समधून मोबाइल काढला, टॉर्च लावला, शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर मारला आणि त्याच हाताने तसाच धरून ठेवला. फोटो इतका देखणा उतरला की आता कुठल्याही खिडकीवर ते कार्ड दाखवलं की आतला माणूस कार्डाकडे बघतो, यांच्याकडे बघतो, आणि दुसरं काही ओळखपत्र आहे का विचारतो. हे त्या स्वतः सांगायच्या, तेही छाती काढून. नम्रता नावाची वस्तू त्यांच्या माहेरून रुखवतात आलीच नव्हती.

पण या घरात फोटोग्राफर मी होते. हे मला ठासून सांगायला हवं, कारण नंतर सगळे विसरले. मिहानमधल्या कंपनीतली नोकरी सोडून मी कॅमेरा घेतला होता. लहान बाळांचे, डोहाळजेवणांचे, स्थळांना पाठवायला लग्नाच्या मुलींचे फोटो मी काढत होते. लोकांना आवडत होते. मला एकच हवं होतं: असा एक फोटो, की जो बघून माणूस थांबेल आणि म्हणेल, हा हिने काढला. हिने, एकटीने.

झालं असं की जाऊबाईंनी सजवलेल्या नवरी मुलींचे फोटो मी काढू लागले. घरातलं घरात. मी कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची आणि समोरून उडवायची. पहिल्याच नवरीचा फोटो पडद्यावर बघून जाऊबाई कळवळल्या. "दोन तास राबली मी या नाकावर! आणि तू थापून ठेवलं भाकरीसारखं. गाल कुठं गेले हिचे?" त्यांचं बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. समोरून आलेला उजेड सगळं सपाट करतो. सावली पडल्याशिवाय नाकाला नाकपण येत नाही. त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश खस्सकन उपटून घेतला, हात लांब करून नवरीच्या डोक्याच्या वर, जरा बाजूला धरला आणि म्हणाल्या, "मार आता."

मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. कॅमेऱ्यावरून काढल्यावर फ्लॅशला कळणार कसं, कधी उडायचं ते? मी खूप दिवसांनी त्यांच्यापुढे हसले. त्याला ट्रिगर लागतो म्हणाले. एक कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली, मग ते एकमेकांशी बोलतात. "मग मागव," जाऊबाई म्हणाल्या. मी मागवला. आजवर मी विकत घेतलेल्या वस्तूंमध्ये इतकी महागात पडलेली दुसरी नाही, आणि मी पैशाबद्दल बोलत नाहीये.

कारण त्या दिवसापासून त्या उजेड धरायला लागल्या. उन्हाळ्यात स्कूटीवर जाताना तोंडाला बांधायचा त्यांचा पांढरा दुपट्टा त्या फ्लॅशवर बांधायच्या, म्हणजे उजेड मऊ पडतो. हात वर करून उभ्या राहायच्या, आणि तोंड सुरू. फ्लॅशची ताकद कमी-जास्त करता येते, अर्धी, एक चतुर्थांश, त्याच्या निम्मी, आणखी निम्मी. मी ते आकडे घोकून पाठ केले होते. जाऊबाईंनी ते एका दिवसात भाजीबाजारात नेले. "पाव नको वं, अदपाव कर, नवरी गोरी आहे." "आजीले छटाकभरच मार, डोयाले तरास होते तिच्या." मी माझ्याच यंत्राचं बटण फिरवताना मनात छटाक म्हणू लागले तेव्हा मला स्वतःची कीव आली.

फोटो सुंदर यायला लागले. नवरी मुलींच्या आया त्या फोटोंकडे बघत बसायच्या. आणि मग म्हणायच्या, "काय उजेड धरला बाई तुम्ही!" जाऊबाईंना. कॅमेरा माझ्या गळ्यात, बटण मी दाबलेलं, नजर माझी, चौकट माझी, आणि कौतुक कुणाचं? धरणारीचं. जाऊबाई नाही म्हणायच्या नाहीत. "छोटी दाबते ना बटण," एवढं मात्र न चुकता सांगायच्या. ते 'दाबते ना बटण' माझ्या कानात रात्रंदिवस वाजायचं. डोअरबेल दाबणाऱ्याबद्दलही लोक याहून बरं बोलतात.

मला त्यांचा हेवा वाटत होता. त्या खाली कुणाशी हसताना ऐकू आल्या तरी मी वर कुकरच्या शिट्ट्या चुकवायची. उजेड नावाचं शस्त्र मला सापडत नव्हतं आणि त्यांना ते हातात धरायलाही शिकावं लागलं नव्हतं.

म्हणून मी स्टँड घेतला. स्टँडवर फ्लॅश लावायचा, त्यापुढे पांढऱ्या कापडाचा चौकोनी डबा लावायचा. स्टँड बोलत नाही, कौतुक घेत नाही, हनुवटी धरत नाही. तालीम करायला माणूस हवा होता, पण माणूस खालच्या मजल्यावर जाऊन सांगतो. सासूबाईंनी भाजीसाठी आणलेलं कोहळं, तो लाल भोपळा, मी वरच्या खोलीत स्टुलावर ठेवलं. त्याला बटाट्याचं नाक टोचलं. चार दिवस मी त्या कोहळ्याचे फोटो काढले. स्टँड उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. सासूबाई विचारायच्या, "कोहळं कुठं गेलं वं?" मी म्हणायची, पिकू द्या जरा.

एक दिवस जाऊबाई वाटी परत करायला वर आल्या. दारातच थांबल्या. स्टँड, डबा, नाक लावलेलं कोहळं, सगळं त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता हसतील. त्या गंभीरपणे पुढे आल्या, कोहळ्याला देठाखाली दोन बोटांनी धरलं आणि जरासं वळवलं. "याचं माहेर इकडं आहे," म्हणाल्या आणि गेल्या. मी फोटो काढला. सांगायलाही लाज वाटते, पण त्या फोटोत कोहळं खरंच काहीतरी आठवत असल्यासारखं दिसत होतं. मी त्याच संध्याकाळी त्याची भाजी केली. सासूबाईंना फार आवडली.

मग आली सासूबाईंची पंच्याहत्तरी. हॉलच्या दाराशी त्यांचा मोठा फोटो लावायचा ठरला. इथेच माझा फोटो व्हायचा होता, तो एकटीचा. मी म्हणाले, मी काढते. जाऊबाई म्हणाल्या, "मी उजेड धरते." मी म्हणाले, लागणार नाही, माझ्याकडे स्टँड आहे. जाऊबाई म्हणाल्या, "मग मीबी काढते एक. तुह्याच कॅमेऱ्यानं. दे मले दोन मिनिटं." भासरे आणि आमचे हे, दोघेही टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता.

"काढा ना दोघी बी," सासूबाई म्हणाल्या. "मले काय, बसाचंच तं आहे."

आधी मी. स्टँड मापात, डबा मापात, पदर नीट, मागची भिंत स्वच्छ. सासूबाईंचा प्रत्येक केस दिसत होता. चष्म्यावर चमक नाही, नाकाची सावली नेमकी जिथे पडायला हवी तिथे. चुकीचं असं बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त त्या फोटोतल्या बाई पेन्शनच्या कार्यालयात आपला नंबर यायची वाट बघत होत्या.

मग जाऊबाई. उजव्या हातात माझा कॅमेरा, डाव्या हातात फ्लॅश, त्यावर दुपट्टा. कॅमेरा पेलताना त्यांच्या बांगड्या सगळीकडे घासत होत्या आणि माझा जीव वरखाली होत होता. "आई," त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आली तवा मले पाहून काय म्हणलं होतं तुम्ही? खरं सांगा."

"काही नाही म्हणलं," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणलं होतं. मांगच्या खोलीत. मले ऐकू आलं होतं."

सासूबाईंचा चेहरा हलू लागला. आधी एक बाजू, मग दुसरी. "म्हणलं होतं," त्या म्हणाल्या, "की पोरीच्या आधी नाक आलं घरात!" आणि त्या अशा हसल्या, की इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं, थोडं शरमून, थोडं खोडकरपणे. त्यांच्या माहेरची, पारशिवनीची कुणी पोरगी हसावी तशी. फ्लॅश उडाला.

पडद्यावर फोटो आला. खालचा अर्धा भाग काळा ठिक्कर. खुर्ची नाही, साडी नाही, भिंत नाही. त्या काळ्यातून सासूबाईंचा हसरा चेहरा वर आलेला, जसा काही विहिरीतून कुणी कळशी वर ओढली.

"अगाऽ!" भासरे म्हणाले. आमचे हे उठून उभेच राहिले. "हे तं आई आहे. एकदम आई!"

मी कॅमेरा हिसकावून बघितला आणि मला सगळं कळलं. जाऊबाईंच्या बांगडीने शटरची चकती फिरली होती. मी सांगू लागले. मी म्हणाले, अहो, ही चूक आहे. कॅमेऱ्यात एक पडदा असतो, तो उघडतो आणि मिटतो. फ्लॅश वापरताना माझ्या या कॅमेऱ्यात या पडद्याच्या, म्हणजे शटरच्या, वेगाचं माप दोनशेच्या वर न्यायचं नसतं. हे पाचशेवर गेलंय. म्हणून फ्लॅश उडाला तेव्हा पडदा अर्धा मिटलेला होता, त्याची ही काळी सावली. नवशिक्या लोकांची पहिली चूक असते ही! मी हाताने पडदा करून दाखवला. एकदा, दोनदा. पाचशे, पाचशे म्हणत मी खोलीभर फिरले.

कुणी ऐकत नव्हतं. भासरे सासूबाईंना चष्मा आणून देत होते. आमचे हे नाक वर करून म्हणाले, "काहीतरी जळून राहिलं काय गा इथं?" सासूबाई फोटो बघत म्हणाल्या, "चूक झाली तं झाली. चांगली झाली ना." आणि जाऊबाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मला वाटलं, जिंकल्याच्या आनंदात आहेत.

हॉलच्या दाराशी तोच फोटो लागला. येणारा जाणारा थांबला. मला हवं होतं तसंच थांबला, अगदी तसंच, आणि म्हणाला, "कोणं काढला?" आणि सगळ्यांनी जाऊबाईंकडे बोट दाखवलं. मी त्या दिवशी वांग्याच्या भाजीचं वाढप केलं. लोकांना वाटलं, धाकटी किती समजूतदार आहे.

काटोलचं एक संत्रा-बागायतदार कुटुंब पंगतीला होतं, सासूबाईंच्या लांबच्या नात्यातलं. त्यांना त्यांच्या आजोबांचा असाच फोटो हवा होता. "असाच, काळ्यातून निघालेला." जाऊबाईंनी पापणी न हलवता सांगितलं, "हाव ना, काढू. हे आमची खास पद्धत आहे." खास पद्धत! वाढता वाढता माझ्या हातातला डाव एका काकांच्या जिलबीवर उलटला.

आणि मग माझे सुखाचे दिवस आले. कारण जाऊबाईंना ती खास पद्धत येत नव्हती. आणि घरात ती फक्त मला येत होती. त्या वर येऊ लागल्या. एकदा बेसनाच्या पाटोडीची भाजी घेऊन, एकदा कढीपत्ता मागायला, जो त्यांच्याच अंगणात होता. "छोटी, तुह्या कॅमेऱ्यात काही बिघडलं तं नाही ना?" मी म्हणाले, अजिबात नाही. "बॅटरी उतरली होती काय वं त्या दिवशी?" नव्हती म्हणाले. "थो अंधार मंग कुठून आला असन?" मी पोळी लाटत राहिले. काय सांगू, त्या पोळ्या टम्म फुगल्या.

शेवटी त्या सरळ म्हणाल्या, "काटोलचे लोक वाट पाहून राहिले. तू सांगते की नाही?"

"सांगणार नाही," मी म्हणाले. "पण मी येईन. कॅमेरा मी धरीन. बटण मी दाबीन. फोटो माझ्या नावाने जाईल, एकटीच्या. तुम्ही फक्त उजेड धरायचा."

मला वाटलं, भांडतील. निदान नाक उडवतील. त्या म्हणाल्या, "बरं." आणि पाटोडीची रिकामी वाटी घेऊन खाली गेल्या. इतक्या सहज मिळालेल्या विजयाने मला जरा चुकल्यासारखं झालं, पण विजय तो विजय.

आम्ही दोघी एसटीने काटोलला गेलो. बसमध्ये जाऊबाई संपूर्ण रस्ता प्रवाशांची माहेरं शोधत होत्या. कंडक्टरला दोन्ही बाजू सासरच्याच आहेत, असं त्यांचं मत पडलं. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते, माझा फोटो, माझ्या एकटीचा.

आजोबा हट्टी निघाले. मिशी पांढरी, कानांनी अर्धंच ऐकणारे, फोटो काढायचा नाही म्हणून पाय वर घेऊन पलंगावर बसलेले. घरातली सगळी माणसं खोलीत येऊन उभी राहिली. जाऊबाईंनी आजोबांची हनुवटी धरली. सगळं घर दचकलं, पण आजोबा गप्प बसले. त्यांना खुर्चीत आणलं, दुपट्टा बांधला, उजेड धरला. "आजोबा, बगिचात पहिलं झाड कोणी लावलं?" "मीनं." "खोटं. तुमच्या सोबत कोण होतं?" आजोबा बोलायला लागले. सोबत आजी होती म्हणाले, ती झाडाला पाणी कमी आणि मला शिव्या जास्त घालायची म्हणाले. चेहरा सैल होऊ लागला. मी बटण दाबलं.

खुर्ची दिसत होती. भिंत दिसत होती. भिंतीवरचं कॅलेंडर, खुंटीवरची पिशवी, पलंगाचा पाय, सगळं लख्ख. काळं आलंच नव्हतं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. खोलीतल्या माणसांनी माना लांब करून पडद्यात बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. माझं गुपित माझ्याजवळ होतं आणि तरी मला काही सुचेना, इतकी माझी गाळण उडाली होती. आजोबांचा चेहरा हळूहळू परत आवळत चालला होता. तो गेला असता तर परत आला नसता.

जाऊबाईंची नजर आजोबांवरच होती. हात तसाच वर. मानही न वळवता, आजोबांच्या गोष्टीच्या मधल्या जागेत, हळूच त्या म्हणाल्या, "पाचशेवर ने ना वं. दोनशेवरच राह्यलं तुह्यं."

मी चकती फिरवली. हात आपोआप फिरला, डोकं नंतर आलं. "मंग आजी काय शिव्या घाले?" जाऊबाईंनी विचारलं. आजोबांनी एक शिवी सांगितली. सगळं घर हसलं, आजोबा हसले नाहीत, ते त्या शिवीकडे बघत राहिले, आणि मी बटण दाबलं. फोटो आला. खाली काळं, वर तो चेहरा. शेजारी उभ्या असलेल्या सूनबाईंनी पदर तोंडाला लावला.

बसस्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. त्यांनी दिलेली संत्री जाऊबाई सोलत होत्या. मला राहवलं नाही.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"पाचशे."

"हाव. तूच तं सांगत होती त्या दिवशी. हात करू करू सांगितलं. बाकी कोणी ऐकलं नसन, मी ऐकून राहिली होती ना." त्यांनी फोडीवरची पांढरी साल नीट काढली आणि फोड माझ्या हातावर ठेवली.

"मग वर येऊन मला का विचारत होतात? काहून?" त्या क्षणी माझ्याही तोंडून काहून निघालं.

"इचारलं नसतं तं आली असती काय तू?" जाऊबाई म्हणाल्या, आणि समोरून जाणाऱ्या एका बाईच्या चेहऱ्याकडे बघू लागल्या.

तो फोटो काटोलच्या त्या घरात पुढच्या खोलीत लावलेला आहे. खाली कोपऱ्यात माझं नाव आहे, एकटीचं. जो येतो तो थांबतो आणि विचारतो, आणि ते लोक माझं नाव सांगतात, कारण जाऊबाईंनी त्यांना तसंच बजावून ठेवलं होतं. त्या फोटोमुळे मला पुढची कितीतरी कामं मिळाली आणि अजून मिळतात. लोकांना वाटतं, मला आता कशाला कुणाचा हेवा वाटेल. माझ्याहून चांगला उजेड धरल्याबद्दल मी जाऊबाईंना केव्हाच माफ केलंय. पण ते नाव त्यांनी मला देऊन टाकलं, ज्याच्यासाठी मी इतकी जळले ते, वाटीतल्या पाटोडीसारखं, परत मागायचा विचारही न करता. मला त्यांच्याकडून ते जिंकायचं होतं. याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.